साक्षीदाराच्या रकान्यातली सही

पुलावर आल्यावर काका पुन्हा थांबले. घरापासून ही चौथी वेळ. कुणाच्या तरी वहीचं पान कडेला पडलं होतं. ते त्यांनी वाकून उचललं, कठड्यावर ठेवलं, कडेला कड जुळवून मधोमध घडी घातली आणि अंगठ्याच्या नखानं ती अशी दाबली की त्या कागदाला पुन्हा जन्मात सरळ होता येऊ नये. मग पान खिशात गेलं. खिसा आधीच टम्म फुगला होता.

"झालं तुमचं?" मावशी म्हणाल्या. "की सगळा रस्ताच बांधून नेणार आहात?"

"कडा बरोबर नव्हत्या," काका म्हणाले.

"कुणाच्या असतात? चला."

टायपिस्टबाई फायलीची पिशवी छातीशी धरून दोन पावलं मागून येत होत्या. अर्धा रस्ता सरला होता, अर्धा उरला होता. एव्हाना तीन बसगाड्या त्यांना मागे टाकून गेल्या होत्या. पण गेल्या वर्षापासून काका कुठल्याच वाहनात बसत नव्हते. गाडीचं दार बंद झालं की ते घाबरून ओरडू लागत. तेव्हा कचेरीत जायचं तर पायी, आणि पायी जायचं तर काकांच्या चालीनं.

ही कचेरी म्हणजे विवाह नोंदणीची. टायपिस्टबाईंचं टेबल तिच्याच फाटकाशी होतं. आधी ते त्यांच्या वडिलांचं. वडील लोकांचे अर्ज लिहून देत. एकोणिसाव्या वर्षी टायपिंग शिकून त्या वडिलांशेजारी बसल्या त्या बसल्याच, आता साठी दारात आली तरी. टाइपरायटर गेला, संगणक आला, पण मावशी त्यांना अजूनही 'टकटक' म्हणूनच हाक मारत.

मावशी त्या कचेरीत शिपाई होत्या. एकतीस वर्षं. फायली आणायच्या-न्यायच्या, दप्तर झाडायचं, नोटिसा फळ्यावर टाचायच्या, पिण्याच्या पाण्याचं पिंप भरून ठेवायचं. काका त्याच कचेरीला रजिस्टरं बांधून देणारे. कापडी पाठीची, दोऱ्यानं शिवलेली, हातभर लांब रजिस्टरं खांद्यावर घेऊन ते महिन्यातून एकदा यायचे. मग महिन्यातून दोनदा यायला लागले. मग एक एक रजिस्टर घेऊन यायला लागले, तेव्हा हेडक्लार्कच्या लक्षात आलं की गडी रजिस्टरासाठी येत नाही.

मावशींना सगळे 'साक्षीमावशी' म्हणत. लग्नाला कायद्यानं तीन साक्षीदार लागतात. घरच्यांनी तोंड फिरवलेली, परगावाहून आलेली पोरं-पोरी जेमतेम दोन मित्र घेऊन येत. मग तिसरा म्हणून मावशी उभ्या राहत. पण त्यांचा एक नियम होता, आणि त्यापुढे साहेबांचंही काही चालत नसे. सही करण्याआधी त्या मुलीला हाताला धरून पिंपापाशी नेत, पाण्याचा पेला हातात देत आणि हळूच विचारत, "राजीखुशीनं करतेयस ना? कुणी भरीला घातलं नाही ना? नको असेल तर आत्ता सांग. मागच्या दारानं वाट आहे." मग मुलाला नेत आणि तेच विचारत.

दोन मुली खरंच मागच्या दारानं गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी साहेब भडकले. "मावशी, तुमचं काम सही करायचं आहे, चौकशी करायचं नाही!"

"साहेब, कायद्यात मर्जी हवी असं लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "मर्जी काय वय आहे, दाखल्यावर दिसायला?"

आणि अशा या मावशींच्या स्वतःच्याच लग्नात घोळ झाला.

तो कळला गेल्या आठवड्यात. मावशी-काकांना मूलबाळ नाही. राहतात तिसऱ्या मजल्यावर. गेल्या हिवाळ्यात मावशी जिन्यात घसरल्या, मनगट मोडलं. त्या दवाखान्यात प्लास्टर घालून घेत होत्या तेवढ्यात काका त्यांना शोधायला म्हणून बाहेर पडले आणि तीन तास सापडलेच नाहीत. तेव्हाच मावशींनी मनाशी ठरवलं, आता हे एकटीच्यानं व्हायचं नाही. नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात नवरा-बायकोला एकत्र राहायच्या सहा खोल्या आहेत, त्यातली तळमजल्यावरची एक रिकामी झाली. अट एकच, लग्नाचा दाखला. तो नसेल तर पुरुषांची इमारत वेगळी, बायकांची वेगळी, मधे भिंत. दाखला शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. आज बुधवार.

दाखला मावशींनी कधी काढलाच नव्हता. आपल्याच घरचं दप्तर, कधीही काढू, असं म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेली. गेल्या मंगळवारी अर्ज केला, तर रजिस्टरात वराच्या रकान्यात काकांची सही, वधूचा रकाना कोरा, आणि खाली तिसऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात मावशींची सही!

दुसरं काय होणार? सात वर्षं रोज ज्या जागी सही केली, त्याच जागी हात आपसूक गेला. तिसरा साक्षीदार हेडक्लार्क व्हायचा होता. त्यानं पाहिलं, खाली तीन सह्या झालेल्या आहेत, म्हणून पेनाला टोपण लावलं. साहेबांनी घरचंच माणूस म्हणून न बघता शिक्का मारला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मावशी आधी पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग बाहेर बाकावर येऊन बसल्या आणि टायपिस्टबाईंना म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी त्या घरात साक्षीदार म्हणून राहिले काय गं?"

तर आज त्याचीच दुरुस्ती होते का बघायला तिघं निघाले होते.

पूल उतरल्यावर टायपिस्टबाईंनी मनातलं विचारलं. "मावशी, रागावू नका. पण नव्यानंच लग्न लावलं तर? सोपं नाही का?"

"कायदा मला शिकवतेस?" मावशी चालता चालता बोटांवर मोजायला लागल्या. "ऐक. दोघांचं वय पूर्ण हवं. झालं, वर बरंच उरलंय. जवळच्या रक्ताचं नातं नको. नाही. आधीचा जोडीदार हयात नको. यांचा जोडीदार एकच, ती मी, आणि कागद म्हणतो मी नाहीच! म्हणजे तेही जमलं. नोटीस तीस दिवस फळ्यावर हवी. शुक्रवार दोन दिवसांवर आहे."

"शुक्रवारचं मी आश्रमात बोलून बघते. महिनाभर थांबतील."

मावशी थांबल्या. काकांची कॉलर एका बाजूला दुमडली होती ती त्यांनी नीट केली.

"आणि संमती द्यायला मन ठिकाणावर हवं," त्या म्हणाल्या.

काका रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत होते.

टायपिस्टबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते हो म्हणतील हो मावशी. तुम्ही सांगितलंत तर मान हलवतील."

"मान ते पंख्याकडे बघूनही हलवतात. जन्मभर मी पोरींना पिंपापाशी नेऊन विचारलं. आणि आता स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून, त्याला कळत नसताना, 'हो' काढून घेऊ? त्यापेक्षा भिंतीपलीकडे राहीन."

टायपिस्टबाईंचा चेहरा उतरला. आपण हे सुचवलंच कसं, असं त्यांना झालं.  मग विषय बदलायला म्हणून त्या म्हणाल्या, "तुमच्या लग्नाच्या दिवशी मी नव्यानंच टेबलावर बसायला लागले होते. मला आठवतं, वडिलांनी मला..."

"टकटक," मावशींनी मधेच तोडलं, "ते आत्ता सांगू नकोस."

"का?"

"नको म्हटलं ना. पाय उचल. दुपारी सायबीण जेवायला उठते."

कचेरीतल्या अधिकारी बाई नव्या होत्या, तिशीतल्या. बोलणं मोजकं, पण उर्मट नाही. त्यांनी काकांना पंख्याखालची खुर्ची दिली आणि टेबलावर रजिस्टर उघडून ठेवलं. निळ्या कापडाच्या पाठीचं, कडा तपकिरी पडलेलं.

काकांनी हात पुढे केला. अधिकारी बाई "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी ते मिटलं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला, पानं थोडी फाकवून आतला दोरा पाहिला.

"शिलाई माझी," ते म्हणाले. "कापड कुणीतरी बदललंय. वाईट लावलंय."

"आमच्याकडे मागे डागडुजी झाली होती," अधिकारी बाई चक्क ओशाळल्या. मग जरा पुढे झुकून त्यांनी विचारलं, "काका, या कोण?"

काकांनी मावशींकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मावशींनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं, पण चेहरा हलू दिला नाही.

"ही ओरडते," काका म्हणाले.

"ते खरं आहे," मावशी म्हणाल्या.

"आणखी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"ही घरात नसली की मला बाहेर जावं लागतं." काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शोधायला."

अधिकारी बाईंनी पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. "हे मला लिहिता येणार नाही, मावशी. नव्यानं लग्न मी लावू शकत नाही, ते तुम्हाला माहीत आहे."

"मी मागितलंच नाही."

"पण दुरुस्ती होऊ शकते." त्यांनी एक पिवळी पडलेली नोटीस पुढे सरकवली. "ही दप्तरात सापडली. यावर वधू म्हणून तुमची सही आहे. नाव, वय, पत्ता सगळं बरोबर. कुणी हरकत घेतलेली नाही. फक्त खाली पेन्सिलीनं कुणीतरी 'अखेर!' असं लिहिलंय."

"हेडक्लार्क! मेला!" मावशी म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. "मेलाच तो, सहा वर्षं झाली. देव त्याचं भलं करो. मीच टाचली होती ही फळ्यावर. तीस दिवस तिच्यावरची धूळ मीच पुसली."

"तर तुम्ही वधू होतात, हे यावरून दिसतं. तुमची सही वर वधूच्या रकान्यात धरता येईल. पण मग खाली बघा." अधिकारी बाईंनी बोट ठेवलं. "तुम्ही वर गेलात की साक्षीदार दोनच उरतात. एक यांचे भाऊ, एक छपाईवाले. कायदा तीन म्हणतो. तिसरा त्या खोलीत हजर होता असं दाखवता आलं, तर नोंद पुरी होते. तो माणूस हयात हवा. आणि जे पाहिलं ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायला हवं. कोण हजर होतं ते सांगायला भाऊ किंवा छपाईवाले आहेत?"

"नाहीत."

"त्या दिवशी खोलीत आणखी कोणी होतं?"

मावशी समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिळा होता.

टायपिस्टबाईंनी मावशींकडे पाहिलं, आणि पूल उतरल्यावर आपल्याला का गप्प केलं ते त्यांना आत्ता उमगलं. साक्षीदाराला वाटेत शिकवायचं नसतं. त्याच्याशी त्या विषयावर बोलायचंसुद्धा नसतं. मावशींना आठवत होतं दारात कोण उभं होतं ते. आठवडाभर आठवत होतं. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

"मी होते," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"काय पाहिलंत?"

"वडिलांनी टाइप केलेला कागद घेऊन मला आत पाठवलं होतं. मी दारात उभी राहिले. आत साहेब वाचून दाखवत होते. काकांनी त्यांचं वाक्य म्हटलं, शाळेत कविता म्हणतात तसं, केवढ्यांदा. फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल. मावशी इतक्या हळू बोलल्या की साहेब म्हणाले, मोठ्यानं, बाई. मग त्यांनी पुन्हा म्हटलं. ते मी ऐकलं. मग काकांनी सही केली आणि शाईवर फुंकर घातली."

"आणि यांना सही करताना पाहिलंत?"

टायपिस्टबाईंनी रजिस्टरातल्या त्या सहीकडे पाहिलं.

एका 'हो'चा प्रश्न होता. तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर बाग, आणि काकांना शोधायला कुठं जावं लागणार नाही. कोण विचारणार होतं? आणि सही तर झालीच होती, कागदावर दिसतच होती, मग पाहिली म्हटलं तर कुठं आभाळ कोसळणार होतं? त्यांची आई म्हणायची, जे हात देवापुढे जोडतो ते खोट्या कागदावर टेकवायचे नाहीत. आई साधी बाई होती, तिला सह्या करायच्या कागदांशी कधी कामच पडलं नव्हतं. तरी पण.

मावशी अजून खिळ्याकडेच बघत होत्या.

"नाही," टायपिस्टबाई म्हणाल्या.  "नाही. तेवढ्यात वडिलांनी हाक मारली आणि मी गेले. सही मी पाहिली नाही."

 काकांनी खिशातलं एक पान काढून मांडीवर पसरलं होतं.

"बरं झालं खरं सांगितलंत," अधिकारी बाई शेवटी म्हणाल्या. "मला सहीचं नकोच होतं. सही माझ्यासमोर आहे, चुकीच्या जागी असली तरी. लग्न सहीनं लागत नाही. अधिकाऱ्यापुढे आणि तिघांसमोर दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारतो असं तोंडानं म्हटलं की लागतं. ते तुम्ही ऐकलंत. जेवढं ऐकलंत तेवढंच लिहा. हाक मारली आणि गेलात, तेही लिहा. खाली आजचीच तारीख घाला."

त्यांनी कोरा कागद दिला. टायपिस्टबाईंनी आयुष्यात हजारो प्रतिज्ञापत्रं बडवली होती, पण हातानं लिहायचं म्हटल्यावर अक्षर वाकडंतिकडं धावू लागलं. मावशी खांद्यावरून डोकावल्या. इतक्या वेळानं त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

"काय गं हे अक्षर! कोंबडी नाचून गेल्यासारखं."

"मावशी, मला लिहू द्या. चुकेन."

"चूक बाई. फक्त रकाना चुकू नकोस."

अधिकारी बाईसुद्धा हसल्या. कागद पुरा झाला. त्यांनी तो वाचला, एक तारीख तपासली आणि रजिस्टर पुन्हा उघडून तिसऱ्या साक्षीदाराच्या रकान्याशेजारी दुरुस्तीची मोकळी जागा दाखवली. "इथं. आणि त्या कागदावर खाली. उद्या दुपारी दाखला तयार असेल."

टायपिस्टबाईंनी पेन टेकवलं, आणि त्यांच्या मनगटावर मावशींचा हात आला. मोडून जुळलेला, अजून थोडा वाकडा असलेला हात.

"थांब."

"आता काय झालं?"

"ऊठ. इकडे ये."

मावशींनी त्यांना खोलीच्या कोपऱ्यात नेलं. तिथं आता पिंप नव्हतं, भिंतीला लावलेलं पाण्याचं यंत्र होतं, पण जागा तीच होती, आणि मागचं दारही तिथंच होतं, कडी लावलेलं. काकांनी रजिस्टर पुन्हा जवळ ओढलं होतं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत ते पंख्याखाली बसले होते. मावशींनी एकदा तिकडे पाहून घेतलं. मग पेला भरला आणि स्वतःच्याच हातात धरला.

"माझ्या लग्नाच्या दिवशी मला इथं कुणी आणलंच नाही बघ," त्या हळूच म्हणाल्या. "आणणारी मीच होते ना. मीच नवरी झाल्यावर कोण आणणार?"

टायपिस्टबाईंनी मागच्या दाराच्या कडीकडे पाहिलं.

"तेव्हा तू विचार. मी विचारायचे तसंच, एक शब्द न गाळता. भरीला कुणी घातलं नाही ना ते विचार, मागच्या दाराचंही सांग. आणि मी काय म्हणते ते नीट ऐकून घे, टकटक. मगच सही कर."